उपायातून अपाय : पार्टुला या वृक्षवासी गोगलगाईची कहाणी

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण मराठी घरांत लहानथोर सर्वांच्या तोंडी असते. वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतून कारस्थानी माणसाला उद्देशून ती वापरली जाते. गोगलगाईवर हा आरोप अन्यायाचाच आहे. परंतु म्हणीतील निरीक्षण मात्र अचूक आहे. हा प्राणी ज्या वर्गात मोडतो त्या वर्गाला प्राणिशास्त्रात 'उदरपाद' असेच नाव आहे. पोटाखालचा मांसल, चपटा भाग हाच त्याचा पाय, आणि त्यातून स्रवणारा चिकट द्रव हीच त्याची वाट. त्या वाटेवरून एका साध्या गोगलगाईची कथा मराठवाड्याच्या शेतातून थेट प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत जाऊन पोहोचते, आणि हिशेबात मुरलेल्या व्यापारी कुटुंबांनाही विचार करायला लावील असा धडा देऊन जाते.

सोयाबीनच्या शेतातील पाहुणी

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात नाहीशी होऊ लागली. शंखी गोगलगाईंनी शेतेच्या शेते फस्त केली. अनेक शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली आणि राज्य शासनाला या नुकसानीपोटी भरपाई जाहीर करावी लागली. शेजारच्या परभणी जिल्ह्यातही चिंता पसरली, कारण येथील मोंढ्याची उलाढाल बऱ्याच अंशी सोयाबीनवर उभी आहे. शेतात रोप मोडले की त्याचा परिणाम आडतीवर, तेलगिरणीवर आणि उधारीच्या वहीवर उमटतो, हे या भागातील व्यापाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांनी त्या काळात शेतकऱ्यांना वारंवार मार्गदर्शन केले.

ही शंखी गोगलगाय मूळची येथील नव्हे. तिचे मूळ घर पूर्व आफ्रिका. विल्यम बेन्सन नावाच्या ब्रिटिश शंखतज्ज्ञाने १८४७ साली ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली, आणि तेथून ती हळूहळू देशभर पसरली. तिची वाढ थक्क करणारी आहे. एकाच शरीरात नर आणि मादी असे दोन्ही अवयव असल्यामुळे प्रत्येक प्रौढ गोगलगाय अंडी घालू शकते. एका वेळी शंभरापासून चारशेपर्यंत अंडी ती ओल्या मातीत घालते, आणि वर्षातून असे अनेकदा घडते. उन्हाळा आला की ती शंखात शिरून तोंडावर पापुद्रा ओढून घेते आणि महिनोन्महिने निपचित पडून राहते. पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा जागी होते.

हीच गोगलगाय १९६७ साली प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर पोहोचली. फ्रेंच खाद्यसंस्कृतीत गोगलगाय हे पक्वान्न मानले जाते. त्या हेतूने ती तेथे आणली गेली. लवकरच ती बागांत आणि शेतांत शिरली आणि शेतकरी हवालदिल झाले. येथपर्यंत ताहितीची आणि मराठवाड्याची कथा सारखीच आहे. पुढे मात्र ताहितीत जे घडले ते फार दारुण होते, आणि त्याचे भोग आफ्रिकन गोगलगाईच्या नव्हे, तर एका अगदी निरुपद्रवी जीवाच्या वाट्याला आले.

पानाखाली राहणारा जीव

ताहिती, मूरेआ, रायातिया आदी बेटांच्या समूहाला सोसायटी बेटे म्हणतात. ज्वालामुखीतून वर आलेली, दाट जंगलांनी वेढलेली ही बेटे कोणत्याही खंडापासून हजारो किलोमीटर दूर आहेत. त्या जंगलांत पार्टुला नावाच्या वृक्षवासी गोगलगाई राहत. आकार जेमतेम १ ते २ सेंटिमीटर, म्हणजे चिंचोक्याएवढा. शंख निमुळता, कधी पिवळसर, कधी तपकिरी, कधी पांढरा, कधी पट्टेदार. दिवसा जास्वंदकुळातील झाडांच्या, रानकेळीच्या किंवा रानआल्याच्या पानांच्या खालच्या बाजूस ती चिकटून असते. रात्र झाली, हवेत दमटपणा आला, की ती हालचाल करू लागते.

पार्टुला हिरवी पाने तोडून खात नाही. पानांवर आणि सालीवर वाढणारी बुरशी, शेवाळ आणि कुजू लागलेला पाला हे तिचे अन्न. तिच्या जिभेवर सूक्ष्म दातांच्या शेकडो रांगा असतात. खवणीवर नारळ खवावा तशी ती पानाचा पृष्ठभाग खरवडते आणि त्यावरील थर स्वच्छ करते. पिकाला तिच्यापासून धोका नाही, आणि झाडालाही इजा नाही. डोक्यावर स्पर्शिकांच्या दोन जोड्या असतात. वरच्या लांब जोडीच्या टोकावर उजेड आणि अंधार ओळखणारे साधे डोळे, तर खालची आखूड जोडी वास आणि चव जाणून घेण्यासाठी.

तिची सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे तिचे अपत्य. बहुतेक गोगलगाई अंडी घालतात. पार्टुला मात्र पिल्लास जन्म देते. अंडे तिच्या शरीरातच उबते, आणि इवल्याशा शंखासह पूर्ण तयार झालेले पिल्लू बाहेर येते, तेही एका वेळी केवळ एक. दोन जन्मांमध्ये साधारणतः एक ते दोन महिन्यांचे अंतर असते. पिल्लू प्रौढ व्हायला वर्षभराचा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. प्रौढ झाल्यावर शंखाच्या तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळते, आणि त्यानंतर शंख वाढत नाही. ती कित्येक वर्षे जगते.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर आफ्रिकन गोगलगाय म्हणजे झपाट्याने वाढणारे चक्रवाढ व्याज, आणि पार्टुला म्हणजे मंद गतीने, पण हजारो वर्षे जपून ठेवलेले मुद्दल. जेथे शत्रू नाही तेथे मंद गती हा दोष ठरत नाही. दर वेळी एकच पिल्लू, पण ते सुदृढ आणि जगण्यास समर्थ, हा निसर्गाचा हिशेब बेटांवर उत्तम जुळला होता. त्या हिशेबात एकच गोष्ट धरलेली नव्हती : बाहेरून येणारा शिकारी.

खोऱ्याखोऱ्यातील वेगळेपण

सोसायटी बेटांवर पार्टुलाच्या सुमारे ६१ जाती होत्या. त्यांपैकी सर्वाधिक रायातिया बेटावर, तर लहानशा मूरेआ बेटावर सात. हा जीव आयुष्यभरात फारसे अंतर कापत नाही. एका खोऱ्यातील गोगलगाय डोंगरधार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात क्वचितच जाते. त्यामुळे शेजारशेजारच्या खोऱ्यांतही रंग, आकार आणि शंखाचा पीळ यांत फरक पडत गेला.

अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ हेन्री क्रॅम्प्टन यांनी या फरकांचा अभ्यास करण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला. खोऱ्याखोऱ्यातून हिंडून त्यांनी हजारो शंख मोजले, आणि १९१६ साली ताहितीवरील व १९३२ साली मूरेआवरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केले. एखाद्या सराफाने प्रत्येक दागिन्याचे वजन टिपून ठेवावे, तशी ती नोंद होती. पुढे ब्रायन क्लार्क, जेम्स मरे आणि मायकेल जॉन्सन या संशोधकांनी तोच धागा पुढे नेला. मूरेआवरील एका जातीत काही गोगलगाईंच्या शंखाचा पीळ उजवीकडे, तर काहींचा डावीकडे असतो. विरुद्ध पिळाच्या दोघींचे मीलन कठीण जाते. म्हणून जेथे जवळची दुसरी जात शेजारी राहते तेथे पीळ बदलून ही जात आपले वेगळेपण टिकवते. एका जातीपासून दुसरी जात कशी निर्माण होते, हा जीवशास्त्रातील मूलभूत प्रश्न या चिंचोक्याएवढ्या शंखांवर उलगडत होता.

बेटांवरील स्त्रियांचे नाते मात्र निराळे होते. त्या या शंखांच्या माळा गुंफत. उत्सवात त्या घातल्या जात आणि विकल्याही जात. शास्त्रज्ञाला जी प्रयोगशाळा होती, ती तेथील घराघरांना परंपरा आणि थोडीफार मिळकतही होती.

एक निर्णय, दहा वर्षे

आफ्रिकन गोगलगाईचा त्रास वाढल्यावर तेथील प्रशासनाने एक उपाय योजला. अमेरिकेच्या फ्लोरिडा भागात युग्लँडिना नावाची मांसाहारी गोगलगाय आढळते. तिचा शंख गुलाबी छटेचा असतो, आणि इतर गोगलगाई हेच तिचे अन्न. भक्ष्याच्या चिकट वाटेचा माग काढत ती त्याला गाठते. लहान गोगलगाय असेल तर सगळीच गिळून टाकते. हवाई बेटांवर १९५५ साली ती याच कामासाठी सोडण्यात आली होती. त्याच वाटेने ती १९७४ साली ताहितीत आणि १९७७ साली मूरेआत सोडण्यात आली.

कागदावर योजना निर्दोष होती. शत्रूचा शत्रू आणला की शत्रू संपेल. प्रत्यक्षात युग्लँडिनाने आफ्रिकन गोगलगाईकडे फारसे लक्ष दिले नाही. तिला लहान, सहज गिळता येणारे भक्ष्य प्रिय. झाडावर राहणाऱ्या, कधी शत्रू न पाहिलेल्या, पळणे किंवा लपणे माहीत नसलेल्या पार्टुला तिला आयत्याच सापडल्या. युग्लँडिना झाडांवरही चढते. मूरेआच्या जंगलात ती वर्षाला सुमारे एक किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने पुढे सरकत गेली, आणि ती जेथून गेली तेथे पार्टुलाचे रिकामे शंख तेवढे उरले.

क्लार्क, मरे आणि जॉन्सन यांनी धोक्याची सूचना दिली. पण सोडलेला जीव परत बोलावता येत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत मूरेआच्या सातही जाती रानातून नाहीशा झाल्या. पुढे रायातियावरही तीच गत झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय लेखात अखेरचा हिशेब मांडला गेला : ६१ जातींपैकी रानात जिवंत उरल्या केवळ पाच. आफ्रिकन गोगलगाय मात्र आजही त्या बेटांवर आहे.

हवाई बेटांवरही असेच घडले. ओआहू बेटावरील अकाटिनेला या रंगीबेरंगी वृक्षगोगलगाईंच्या सर्व जाती अमेरिकेने १९८१ साली संकटग्रस्त म्हणून जाहीर केल्या. त्यांपैकी एका जातीचा अखेरचा ज्ञात जीव 'जॉर्ज' या नावाने जगभर परिचित झाला. १ जानेवारी २०१९ रोजी प्रयोगशाळेतील पेटीत त्याचा मृत्यू झाला, आणि त्याच्याबरोबर ती जातही संपली.

हाताच्या ओंजळीत उरलेले मुद्दल

पार्टुलाच्या संशोधकांनी अखेरच्या क्षणी काही गोगलगाई बेटावरून उचलून आणल्या. त्यांतून एक आंतरराष्ट्रीय संगोपन कार्यक्रम उभा राहिला. लंडन, एडिंबरा, ब्रिस्टल, सेंट लुईस आदी शहरांतील प्राणिसंग्रहालयांनी काचेच्या छोट्या पेट्यांत त्यांची पिढ्यान्‌पिढ्या जोपासना केली. ओट्स, गवताची भुकटी आणि शंखासाठी लागणारा चुना यांचा लगदा त्यांना खाऊ घालायचा, हवेतील ओलावा सांभाळायचा, जन्मलेले एकेक पिल्लू मोजून वहीत टिपायचे, असा हा दिनक्रम वर्षानुवर्षे चालू राहिला.

सर्वच जाती वाचल्या नाहीत. पार्टुला टर्जिडा या जातीचा अखेरचा जीव १९९६ च्या जानेवारीत लंडनमध्ये एका सूक्ष्म परजीवीच्या संसर्गाने गेला. कॅप्टन कुकच्या १७६९ च्या सफरीत युरोपला प्रथम ज्ञात झालेली पार्टुला फाबा ही जात २०१६ साली एडिंबऱ्यात संपली. मूरेआवर १९९४ साली मीठ आणि विजेचे कुंपण घालून एक छोटे राखीव रान तयार केले गेले. परंतु कुंपणावर फांद्या वाढल्या, देखभालीत खंड पडला, आणि त्या फांद्यांच्या पुलावरून युग्लँडिना आत शिरली. कुंपण घालणे हे अर्धेच काम असते. रोज त्याची फेरी मारणे हे उरलेले अर्धे.

मधल्या काळात निसर्गाकडूनच एक संकेत मिळाला. ताहितीवर पार्टुला हायलीना ही पांढऱ्या शंखाची जात काही ठिकाणी तग धरून होती. ते कसे, याचा शोध मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला. तांदळाच्या दाण्याएवढे सौरशक्तीवर चालणारे संगणक त्यांनी युग्लँडिनाच्या शंखावर चिकटवले आणि पार्टुला विसावतात त्या पानांखाली लावले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पार्टुला जेथे राहते तेथे शिकारी गोगलगाईच्या जागेपेक्षा सरासरी दहापट अधिक ऊन पडते. पांढरा शंख ऊन परतवतो. गडद शंखाच्या शिकाऱ्याला ते सोसवत नाही. रानाच्या कडेची उन्हाची पट्टी हीच त्या दुबळ्या जीवाची तटबंदी ठरली होती. त्या कडेची झाडे राखली पाहिजेत, हे त्यावरून स्पष्ट झाले.

२०१५ पासून संगोपनात वाढलेल्या गोगलगाई सुमारे १५,००० किलोमीटरचा विमानप्रवास करून बेटांवर परत सोडल्या जाऊ लागल्या. प्रत्येकीच्या शंखावर लाल रंगाचा ठिपका, म्हणजे रात्री विशेष दिव्याच्या उजेडात ती ओळखू यावी. एकट्या २०२३ साली अशा पाच हजारांहून अधिक गोगलगाई सोडण्यात आल्या. मग २०२४ साली मूरेआवर ठिपका नसलेली एक प्रौढ गोगलगाय सापडली. ठिपका नाही, म्हणजे ती काचेच्या पेटीत नव्हे, रानातच जन्मलेली. मूरेआच्या सर्वांत उंच शिखरावरून नाव पडलेल्या पार्टुला टोहिवेआना या जातीची ती होती. त्याच वर्षी ही जात 'रानातून नामशेष' या यादीतून काढून 'अतिसंकटग्रस्त' या यादीत घेण्यात आली. अतिसंकटग्रस्त ठरण्यात कोणाला आनंद वाटावा, असे प्रसंग विरळाच. हा त्यांपैकी एक होता.

आपल्या दाराशी

ही कथा दूरच्या बेटांची असली तरी तिचा प्रश्न मराठवाड्याचा आहे. पीक वाचवायचे की जीव, असा पेच शेतकऱ्यापुढे, आणि जमीन कसून घेणाऱ्या अनेक व्यापारी कुटुंबांपुढेही उभा राहतो. जैन परंपरेने शंखवर्गीय जीवांना द्वीन्द्रियांत गणले आहे, आणि चातुर्मासात पाऊल जपून टाकण्याची शिकवण आहे. नेमके त्याच महिन्यांत गोगलगाई बाहेर पडतात. दुसरीकडे, दुबार पेरणीचा बोजा डोक्यावर घेतलेल्या शेतकऱ्याची व्यथाही तितकीच खरी आहे. या पेचाला सोपे उत्तर नाही. मात्र ताहितीच्या अनुभवावरून दोन गोष्टी निश्चितपणे सांगता येतात.

पहिली गोष्ट अशी की, उपाय जितका आंधळा तितका त्याचा अपाय मोठा. शेतात टाकल्या जाणाऱ्या विषारी गोळ्या आपली आणि परकी गोगलगाय असा भेद करीत नाहीत. त्या कुत्र्यांना आणि इतर प्राण्यांनाही घातक ठरतात. पश्चिम घाटात जमिनीवरील गोगलगाईंच्या अडीचशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य जगात इतरत्र कोठेही नाहीत. सिंधुदुर्गातील आंबोलीत २०२१ साली अर्धवट शंख असलेल्या गोगलगाईचा एक नवाच वंश नोंदला गेला. सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावावरून त्यास 'वरदिया' हे नाव मिळाले. काजव्यांच्या अळ्या गोगलगाई खाऊन वाढतात, आणि पक्ष्यांना अंड्यांच्या कवचासाठी लागणारा चुना शंखातून मिळतो. शंखी गोगलगाय दिसली म्हणून प्रत्येक शंखधारी जीव शत्रू ठरत नाही.

दुसरी गोष्ट व्यापाऱ्यांच्या हातातील आहे. आफ्रिकन गोगलगाय स्वतःच्या पायाने फार दूर जात नाही. तिला माणूस नेतो. मातीसकट आलेली रोपे, विटा, दगड, ओला भाजीपाला आणि मालट्रक यांच्याबरोबर ती आणि तिची अंडी गावोगाव पोहोचतात. गोदामाभोवतीचा ओला कचरा आणि दगडविटांचे ढीग वेळीच हलवणे, बाहेरगावची रोपे मातीसह तपासून घेणे, प्रादुर्भाव असलेल्या भागातून आलेले बारदान आणि वाहन पाहून मगच आत घेणे, बांध स्वच्छ ठेवणे, या गोष्टींना खर्च थोडा लागतो. गोगलगाय आल्यावर शेकडो जीव मारावे लागण्यापेक्षा ती येऊच न देणे हे हिशेबानेही स्वस्त पडते, आणि त्यात हिंसाही कमी घडते. शेतात प्रादुर्भाव झालाच, तर ऐकीव उपायांच्या मागे न लागता कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या सल्ल्याने पाऊल टाकावे.

ताहितीत एका जीवाचा बंदोबस्त करण्यासाठी दुसरा आणला गेला, आणि जमाखर्च मांडेपर्यंत तिसराच संपला होता. चुकीची नोंद एका ओळीत झाली. ती दुरुस्त करायला जगभरातील माणसांची चाळीस वर्षे लागत आहेत, आणि तरीही पुष्कळशा जाती खात्यातून कायमच्या वजा झाल्या आहेत. मूरेआच्या रानात मात्र आज कोठेतरी एखाद्या पानाच्या खालच्या बाजूस, ठिपका नसलेले एखादे इवले पिल्लू चिकटून बसले असेल. पार्टुलाच्या वंशाचे मुद्दल पुन्हा वाढू लागले आहे. एका वेळी एक, याच जुन्या गतीने.